कडीची बादली

काचेची ती लहान बाटली ओट्यावर, घासून उपड्या घातलेल्या वाट्या-पेल्यांच्या रांगेत, इतर भांड्यांसारखीच निथळत होती. ऐश्वर्या मगदूम नुकतीच बंगळूरहून परतली होती. रात्रभराच्या बसने शरीर अजून आतल्या आत हलत होते, खांद्यावरची पिशवी उतरायची होती, आणि घोटभर पाणी प्यावे एवढ्याच विचाराने ती स्वयंपाकघरात शिरली होती. धक्का असा तिला लगेच बसलाच नाही. तिच्या नजरेत प्रथम भरली ती बाटलीची स्वच्छता. राखेने घासलेल्या पितळेला येते तशी एक तृप्त चमक त्या काचेला आली होती. बुडाशी धरलेला हिरवट थर, जो प्रयोगशाळेत कधी पुरता निघत नसे, तो नाहीसा झाला होता. वरची कागदी चिठ्ठी मात्र कुणीतरी जपली होती. ओलीने तिचे कोपरे सुटले होते, पण अक्षरे शाबूत होती, आणि ती ऐश्वर्याच्याच हातची होती: मळ्याची विहीर. मग तिने बाटली उचलून उजेडाला धरली. आत थेंबही नव्हता.

तिची आई अक्काताई पलीकडच्या खोलीत, खिडकीपाशी पाट मांडून माळ ओढीत बसली होती. मोतीबिंदू काढण्यासाठी ती जयसिंगपूरजवळच्या मळ्यावरून कोल्हापुरात लेकीकडे आली होती. एक डोळा झाला, दुसरा राहिला, आणि "ऊन उतरू दे, मग जातो" असे म्हणत तिने मे महिना इथेच गाठला होता. घरात आणि गावात तिला सगळे अक्काताई म्हणत, लेक तेवढी अव्वा म्हणे.

"अव्वा, ही बाटली कुणी धुतली?"

"मी. दुसरं कोन हाय घरात?" माळेवरची बोटे थांबली नाहीत.

"आणि आतलं पाणी?"

"सोडून आलो."

"सोडून? कुठं?"

"कुठं म्हंजे! तूच लिवलंयस की वर. मळ्याच्या हिरीत. परवा एस्टीनं गेलतो, दिवस मावळायच्या आत माघारी आलो."

"मी सांगितलं होतं की तुला. मळ्याचं पाणी आहे, टाकू नको म्हणून."

अक्काताईने आता मान वर केली. काळ्या चष्म्याआडून ती लेकीकडे बघत होती की खिडकीकडे, ते कळत नव्हते. "टाकलं कुठं? टाकायला मी खुळी हाय व्हय? सोडलं म्हनलं मी."

ऐश्वर्या परत स्वयंपाकघरात आली आणि माठाशेजारच्या रिकाम्या कोपऱ्यात पाहत उभी राहिली. बाटली तिथे ठेवली होती, कारण तो कोपरा घरात सर्वांत थंड. तिच्यात जे होते ते उघड्या डोळ्यांना दिसणारे नव्हते. शास्त्रात त्यांना रोटिफर म्हणतात. धुळीच्या कणाएवढा देह, आणि डोक्यावर केसांची दोन वर्तुळे अशी लवलवत राहतात की दोन चाके अखंड फिरत आहेत असे वाटावे. आयुष्याचा उत्तम काळ तिने त्या चाकांकडे पाहण्यात घालवला होता. ती ज्यांच्यावर काम करी त्यांच्यात नर नाहीतच. जगात कुणाला कधी सापडलेला नाही. आई लेकीला जन्म देते, ती लेक तिच्या लेकीला, आणि हे असे कोट्यवधी वर्षे, कुणाच्या परवानगीवाचून. पाणी आटले तरी त्या मरत नाहीत. डोके आत घेतात, पाय आत घेतात, अंगातले पाणी हळूहळू सोडून देतात आणि वाटोळा कण होऊन पडून राहतात. पुन्हा ओल लागली की उठतात आणि काहीच झाले नाही अशा थाटात खायला लागतात. उत्तरेकडच्या गोठलेल्या मातीतून हजारो वर्षे निजलेल्या काही जणी उठल्याची बातमी आली, तेव्हा विभागातल्या सहकाऱ्यांनी ऐश्वर्याकडे पेढे मागितले होते. तिनेही ते आणले होते, आणि वाटताना तिला खरोखरच बाळंतघरातून आल्यासारखे वाटले होते.

पण तिची स्वतःची गोष्ट त्याहून लहान आणि त्याहून मोठी होती. वाळताना त्या जीवांचा डीएनए तुटून त्याचे तुकडे होतात; उठताना त्या ते तुकडे पुन्हा जोडतात. जोडताना कधीकधी शेजारी पडलेला परक्याचा तुकडा, एखाद्या जिवाणूचा किंवा बुरशीचा, त्यात शिवला जातो, आणि पुढे तो त्यांचाच होऊन जातो. जुन्या फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवताना शेजारणीच्या लुगड्याचा पदर त्यात जावा, तसे. हे घडते हे सगळ्यांना ठाऊक होते, घडताना कुणी पाहिले नव्हते. ऐश्वर्याने पाहिले होते. कितीतरी वर्षे कागदावर वाळवून ठेवलेली एक आई तिने जागी केली, आणि तिच्यात असा एक तुकडा सापडला की जो झोपण्यापूर्वी तिच्या वंशात नव्हता. त्या एकीच्या लेकी, नाती, पणत्या त्या बाटलीत होत्या. बंगळूरच्या सभेत तिने हे सांगितले तेव्हा मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले होते, की दुसऱ्या कुणाच्या हातून हेच पुन्हा दिसले तरच हे खरे. जिवंत वंश आहे ना तुमच्याकडे? "आहे," ती म्हणाली होती, "घरी, माठाशेजारी." सभागृह हसले होते. ती हसण्याची लाट तिच्या कानांत अजून होती, आणि तिच्यासमोर आता नुसता माठ होता.

फोन वाजला. प्रयोगशाळेतली तिची जोडीदारीण स्नेहल बोलत होती. "ऐशू, पोचलीस? आधी बस बघू खाली. रविवारी वीज गेली, परत आली, पण आपली थंड पेटी काही सुरू झाली नाही. खोलीत नुसती भट्टी. तुझ्या बशांतल्या सगळ्या गेल्या गं. मी दोनदा बघितलं, एक चाक फिरत नाही." मग तिने सूर जरा सावरला. "पण तुझी माठाजवळची आहे, म्हणून मी डोकं शांत ठेवलंय. आज येतेस ना घेऊन? आजच्या आज कागदावर वाळवून ठेवू चार ठिकाणी. आता उद्यावर नको बाई."

"हं," ऐश्वर्या म्हणाली. "येते." आपण खोटे बोललो असे तिला वाटले नाही. पाण्याखालून कुणीतरी बोलावे तसे ते आपोआप तोंडातून बाहेर आले होते.

अव्वावर ओरडावे असा क्षण होता, आणि तो तिच्या हातून निसटला, कारण त्या क्षणी नळाखालच्या हंड्याच्या तोंडावर बांधलेले दुहेरी कापड तिच्या दृष्टीस पडले. लहानपणापासून हे कापड तिने पाहिले होते. मळ्यावर पहाटेचे पाणी आले की अव्वा ते या कापडातून गाळी. मग गाळलेल्या पाण्याने कापड उलटे करून खळबळून काढी आणि ते खळबळलेले पाणी वेगळ्या भांड्यात धरी. त्याला जिवाणी म्हणायचे. दिसत नसले तरी त्यात जीव असतात, आणि ते ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. विहिरीचे विहिरीत, नदीचे नदीत, परक्या पाण्यात नव्हे. नुसते वरून ओतायचेही नाही. इतक्या उंचीवरून आदळून ते मरतील. त्यासाठी एक खास बादली असे. तिच्या बुडालाही एक कडी होती आणि त्या कडीला दुसरा, बारीक दोर. बादली हळूहळू खाली सोडायची, पाण्याला टेकली की बारीक दोर ओढायचा. बादली कलते, आणि आतले जीव पडत नाहीत, उतरतात. ऐश्वर्या कठड्याला पोट टेकवून हे बघत असे. खाली फार दूर, हिरव्या काळोखात, एक वर्तुळ उठे, मोठे होत होत दगडांना लागे आणि नाहीसे होई. "गेली घरला," अव्वा म्हणे, आणि मगच चूल पेटे. पुढे कधीतरी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाण्याचा थेंब तिने ठेवला, आणि अव्वा जे न बघता जाणत होती ते डोळ्यांनी बघून तिला आनंद झाला की भीती वाटली, हे तिला आजही सांगता आले नसते.

इथे कोल्हापुरात अव्वाची पंचाईत झाली होती. नळाच्या पाण्याचे गाव कोणते? "पंचगंगेचं," ऐश्वर्या म्हणाली होती, "म्हणजे मुळात राधानगरीकडचं." तेव्हापासून जिवाणी एका स्टीलच्या डब्यात साठत असे, आणि राधानगरीकडे जाणारा कुणी नातेवाईक सापडला की तो डबा त्याच्या हाती सोपवला जाई. "धरनात सोड बाबा, अन् वाकून सोड. हिरोगिरी करून वरनं भिरकावू नगंस." लोक डबा घेत, हसत, काही जण खरोखर सोडतही असतील. हे सगळे माहीत असून आपण त्या बाटलीवर चिठ्ठी लावली, आणि तीही आतल्या पाण्याच्या गावाची. दुसऱ्या कोणत्याही घरात त्या चिठ्ठीने बाटली वाचली असती.

"मी मळ्यावर जातेय," ती बाहेर येऊन म्हणाली.

"मीबी येतो." अव्वाने माळ डबीत ठेवली. जणू ती तयारीनेच बसली होती.

"उन्हाचं कशाला? डोळ्याला त्रास होईल."

"डोळा माजा हाय." भाकरी, चटणी, दोन आंबे असा डबा तिने भराभर बांधला. तो लेकीसाठी होता. तिला स्वतःला उपवास होता.

"आज कसला उपास? आज अष्टमी नाही, चौदस नाही."

"हाय एक. नेम धरलाय. सुटंल तवा सुटंल."

धुतलेली बाटली ऐश्वर्याने पुसून पिशवीत टाकली. का, ते तिला ठाऊक नव्हते.

शहर मागे पडले. पंचगंगेच्या पुलावरून नदी अशी दिसत होती की वाहत नसून कुणीतरी पसरून ठेवली आहे. शिरोलीच्या कारखान्यांच्या भिंती, वाढदिवसांच्या शुभेच्छांचे फलक, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळांवर निजलेली माणसे, हे सगळे उन्हात एकमेकांत मिसळत होते आणि गाडीच्या काचेवरून हळूच घरंगळत होते. न झोपलेल्या डोळ्यांना रस्ता पाण्याखाली असल्यासारखा दिसे. पुढे काही अंतरावर चकचकीत डोह, जवळ जावे तो नाही. आपण काय करणार आहोत विहिरीवर, असे तिने स्वतःला विचारले. विहिरीत त्या जातीच्या कोट्यवधी असतील. त्यात बाटलीभर मिसळल्या. पाण्यात सोडलेले पाणी कुणी परत काढले आहे? आणि तरी हात स्टिअरिंगवर होते आणि गाडी पूर्वेकडे चालली होती. मागच्या रांगेतले ते वृद्ध गृहस्थ पुन्हा उठून उभे राहिले. जिवंत वंश आहे ना? नसेल तर मग ती जे बोलली ते एका बाईने पाहिलेले स्वप्न, बाकी काही नाही. शास्त्रात स्वप्नाला जागा असते, पण ती शेवटच्या पानावर नसते. इतकी वर्षे तिने दुसरे काही केले नव्हते. लग्नाची बोलणी आली आणि गेली, आप्पा गेले, भाऊ अनेकांतने मळ्यात बोअर मारले, ठिबक केले, त्याची मुले मोठी झाली. आणि ती रोज सकाळी त्या चाकांपाशी जाऊन बसत आली होती. विचारणाऱ्यांना ती सांगे, पाण्यातले जीव बघते. अव्वालाही तिने तेवढेच सांगितले होते. त्यांना वाळवते, हा शब्द त्या घरात तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. पाण्यातला जीव कोरडा पाडणे याला अव्वाच्या भाषेत एकच नाव होते, आणि ते नाव तिला आईच्या तोंडून ऐकायचे नव्हते.

सर्वांत जास्त लागत होते ते निराळेच. त्या वंशाचे मूळ पाणी आप्पांनी काढलेले होते. तिचे वडील शांतिनाथ मगदूम, पांढरा सदरा, पांढरी टोपी; विहिरीच्या पायऱ्या चढून वर येताहेत, एका हातात बाटली, दुसरा हात गुडघ्यावर, आणि पाण्यातून ऊन त्यांच्या सदऱ्यावर हिरवे हलते आहे. ते गेल्यावर हे एवढेच चित्र तिच्यापाशी उरले होते, आणि प्रयोगशाळेत उशीर झाला, कुठले काम फसले, की ती ते काढून बघे. बाटलीतल्या त्या निनावी लेकी एका अर्थाने आप्पांच्या हातच्या होत्या.

हातकणंगले मागे गेले. डावीकडे बाहुबलीचा डोंगर उन्हात धूसर उभा होता. अव्वाने तिकडे हात जोडले आणि तसेच काही वेळ धरून ठेवले.

"अव्वा, त्या पाण्याचं मूळ ठाऊक आहे तुला? आप्पांनी काढून दिलं होतं ते मला."

"कुनी? आप्पांनी?" अक्काताई गाडीत नीट वळून बसली. "त्या साली त्यांचा गुडगा धरला हुता. ते कसले पायऱ्या उतरत्यात! खाटंवर पडून मला शिकवत हुते, अशी बाटली बुडव न् तशी बुडव. जसं काय मी जल्मात पानीच भरलं न्हाई. पानी मी काढलं."

"पण मला दिसतंय की. पांढरा सदरा..."

"मी ते त्यांचंच पांढरं उपरणं डोक्यावर घेतलं हुतं, ऊन लागतंय म्हनून. तू वर बांधावर फोनवर बोलत हुतीस. बघितलंस तरी व्हय माज्याकडं!" ती पुन्हा समोर वळून बसली. बराच रस्ता मागे गेला. "वर आलो अन् बाटली तुज्या हातात देताना म्हनलं, पोरी, तुजं काम झालं की माघारी आनून सोड. तू म्हनालीस, व्हय अव्वा."

"मी म्हणाले?"

"व्हय म्हनालीस. मी वाट बघितली. दर खेपंला तू मळ्यावर येनार, मला वाटायचं, आनली आसंल. मग ह्या वक्ताला ती तुज्या घरात माठापाशी दिसली, वर हिरीचं नाव. मला वाटलं, नेऊन सोडायलाच काढून ठेवलीया. तू गावाला गेलीस, उन्हाचे दिस, घोटभर पान्यात किती दिस जगत्यात बिचारी? म्हनून गेलतो."

ऐश्वर्याने ते चित्र पुन्हा काढून पाहिले. पायऱ्या होत्या, ऊन होते, हिरवे हलते होते. आप्पांचा चेहरा मात्र, आता नीट निरखले तेव्हा, दुसऱ्याच कुठल्या दिवसातला निघाला. कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीतला असावा. गुडघ्यावरचा हात दवाखान्याच्या जिन्यावरचा. आणि बाटली धरलेल्या मनगटात बांगड्या होत्या. त्या नेहमीच तिथे होत्या. तिने त्यांच्याकडे कधी पाहिले नव्हते. आप्पा गेल्यानंतरच्या त्या कोरड्या वर्षात केव्हातरी तिच्या मनाने हे तुकडे घाईने जोडले होते, हाताला लागेल तो परका तुकडा घेऊन, आणि नंतर टाका कुठे पडला ते विसरून गेले होते. राग यावा असे हे होते, पण तिला एक विलक्षण हलकेपणा वाटला. ताप उतरताना अंथरूण खोल खोल जाते असे वाटते, तसा. "व्हय अव्वा" असे म्हणणारा स्वतःचा आवाज तिला आठवेना, आणि आपण तसा शब्द दिला होता याविषयी शंकाही उरली नाही.

मळा जयसिंगपूरच्या पलीकडे, माळाच्या अंगाला होता. अनेकांत बाजाराला गेला होता; घराला कडी होती, गोठ्यात म्हैस रवंथ करीत होती, उसाच्या सऱ्यांतून ठिबकच्या काळ्या नळ्या निघालेल्या, आणि दूर कुठेतरी बोअरच्या मोटारीची एकसुरी घरघर. विहीर घराच्या मागे, औदुंबराखाली. कठड्यावर ती बादली उपडी ठेवलेली होती, बुडाची कडी वर, दोर नीट गुंडाळलेला. अव्वा औदुंबराच्या बुंध्याशी डबा मांडीवर घेऊन बसली. "पायरी बघून उतर. तिसरी डुगडुगतीया," ती म्हणाली. ऐश्वर्याने पिशवीतली बाटली काढली आणि ती खाली उतरू लागली.

दगडांच्या सांध्यांतून पारव्यांची फडफड झाली आणि थांबली. उतरता उतरता उन्हाचा आवाज कमी झाला. ऊन आवाज करीत असते हे अशाच ठिकाणी कळते. लहानपणी जिथे पाणी सुरू होई ती पायरी आली, तिच्यावर पाण्याच्या जुन्या रेघा होत्या. तिच्या खालची पायरी कोरडी होती. त्याखालचीही. पाय जात राहिले आणि पाणी येईना. शेवटी तिने पायांकडे बघणे सोडून खाली पाहिले.

विहिरीला पाणी नव्हते. तळाला फिकट, भेगाळलेला चिखल होता. कडेला एक प्लास्टिकची चप्पल, औदुंबराची वाळकी पाने. अनेकांतच्या बोअरने ती केव्हाची ओढून घेतली असावी आणि आईला सांगायची कुणाची छाती झाली नसावी. ऐश्वर्या भिंतीला टेकली. म्हणजे त्या उतरल्या त्या चिखलात. घोटभर पाणी, मे महिना. तिला वाटले, आता वर जावे आणि एकच वाक्य बोलावे: तुझ्या विहिरीला पाणी नाही अव्वा. इतक्या वर्षांच्या गाळण्याला, कापडाला, त्या बादलीला ते एक वाक्य पुरले असते. ते तिच्या जिभेवर अगदी तयार होऊन बसले, आणि त्याची चव तिला कळली.

"ऐश्वर्या," वरून आवाज आला. दगडांतून फिरत तो खाली येईपर्यंत कितीतरी म्हातारा झाला होता. "न्हाई ना पानी?"

तिने वर पाहिले. आभाळाच्या चौकोनात आईचे डोके होते, तोंड दिसत नव्हते.

"मला ठावं हाय. दोर सगळा संपला. आदी कुठंतरी मधीच टेकायची बादली. ह्या वक्ताला सोडतोय, सोडतोय, हाताला दोराचं टोक आलं तवा कुठं सैल पडली. कडी वढली मी. कलली. पन आवाज न्हाई आला. डोळ्याला खालचं दिसत न्हाई अजून, कानाला कळलं." श्वास घ्यायला ती थांबली. "मग माघारी तरी कसं घेऊ? सांडलेलं."

"मग मला सांगितलं का न्हाईस सकाळी?"

"काय सांगू? तुजी लेकरं वाळवून मारून आलो म्हनून सांगू?"

उपवास कसला ते ऐश्वर्याला तेव्हा कळले. परवापासून ही बाई अन्नावाचून आहे. आपल्याला भाकऱ्या बांधून देऊन इथवर आली आहे, कुणीतरी खाली उतरून बघावे आणि काय ते सांगावे म्हणून. तिने तळाकडे पुन्हा पाहिले, आता नीट, जसे ती भिंगातून पाहते तसे. मधोमध, भिंतीच्या सावलीत, फिकट मातीवर एक गडद गोल होता. थाळीएवढा. सूर्य तिथवर पोचत नसल्याने तो अजून वाळत होता. कडेकडेने आत येत, घाई न करता. प्रयोगशाळेत कागदावर वाळवताना हीच संथ गती साधण्यासाठी तिने किती खटाटोप केले होते. लवकर वाळल्या तर मरतात. मातीत, सावलीत, हळूहळू वाळल्या तर नाही. त्या गोलात या घटकेला चाके एकेक करून थांबत होती. डोके आत, पाय आत. शेजारी आधीच निजलेल्या असतील, कितीतरी पावसाळ्यांपूर्वीच्या, याच विहिरीच्या. त्यांच्या थोरल्या, धाकट्या, कुणी सांगावे. त्यांतून आपल्या वेगळ्या काढायच्या तर त्या एका उसन्या तुकड्यावरून, एकेकीला जागे करून, ओळखाव्या लागतील. त्याला वर्षे लागतील. बंगळूरच्या गृहस्थांना थांबावे लागेल. स्नेहल आधी शिव्या देईल, मग बाह्या सावरील.

"मेली ना गं सगळी?" वरून आवाज आला.

"न्हाई अव्वा." वरपर्यंत पोचावे म्हणून ती मोठ्याने बोलली, आणि विहीर सगळी त्या आवाजाने भरली. "मरत न्हाईत ती. मीबी वाळवतेच त्यांना. तेच काम हाय माजं. इतकी वर्सं तुला सांगितलं न्हाई. वाळली की झोपत्यात. ओल आली की उठत्यात!"

पारवा एकदा घुमला. आभाळाच्या चौकोनातले डोके जरा पुढे झुकले.

"खरं?"

"खरं!"

"आत्ता झोपल्यात?"

"व्हय, झोपल्यात!"

"मग वरडतीस कशाला?" अक्काताई एकदम दबक्या आवाजात म्हणाली. "हळू बोल की."

डोके मागे सरले. थोड्या वेळाने वर डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज झाला, तोही जपून, पदरात धरून उघडल्यासारखा. ऐश्वर्याने चपला पायरीवरच काढल्या, आणि बाटली हातात घेऊन, अनवाणी, पाऊल न वाजवता, ती त्या ओल्या गोलापाशी गेली.